सोनं बाधतं तेव्हा

साखरपुडा या शब्दात साखर आहे, पुडा आहे. अंगठी कुठेच नाही. चार माणसं जमायची, मुलीच्या ओटीत साखरेचा पुडा पडायचा, शब्द दिला-घेतला जायचा आणि सोयरीक पक्की व्हायची. एकमेकांच्या बोटांत अंगठ्या घालायची रीत आमच्या घरांमध्ये नंतर आली. आली ती मात्र अशी की आज साखर नावापुरती राहिली, आणि अंगठी नसेल तर कार्यक्रम झाला असं कुणाला वाटतच नाही. फोटोसुद्धा अंगठीचाच काढतात.

हे सांगायचं कारण म्हणजे गेल्या लगीनसराईत जोयडा तालुक्यात, रामनगरकडच्या एका घरात, माझ्या नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा अंगठीवरून मोडायची वेळ आली. सासरहून आलेली अंगठी पांढऱ्या सोन्याची, १८ कॅरेटची, नाजूक खड्याची. आठ दिवसांत मुलीच्या बोटाला खाज सुटली, मग बारीक फोड आले, मग कातडी फुटली. अंगठी काढली की आठवड्यात बरं वाटायचं, घातली की दोन दिवसांत पुन्हा तेच. तिकडून निरोप आला, "सोनं कधी कुणाला बाधलंय का? आमची अंगठी नको असेल तर सरळ सांगा." इकडची एक काकू म्हणाली, "लग्नापर्यंत सोस की गं. बायकांना काय काय सोसावं लागतं." आणखी कुणी तरी दोष काढला, पत्रिका बघा म्हणाली. मुलगी बिचारी बोटाला हळद लावून हात पदराखाली धरून बसलेली.

बेळगावला त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस ठेवल्या, काढल्यावर पाहिलं आणि पुढे दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. निकेलच्या पट्टीखाली लाल चकंदळ उठलं होतं. म्हणजे बोट सोन्यावर रुसलं नव्हतं, सोन्यात मिसळलेल्या धातूवर रुसलं होतं. तरीही प्रश्न राहिलाच. ही अंगठी नको, तर मग कशाची? सोन्याशिवाय दुसरी चालेल का? लग्नाची खूण सोन्याचीच असावी लागते ना? घरात वयानं मोठी म्हणून मला विचारलं गेलं. तिथे मी जे थोडक्यात बोलले ते इथे जरा सविस्तर लिहिते. कारण हा प्रश्न एका घराचा नाही.

आधी जोयड्याचंच बघू. हा तालुका पूर्वी सुपा नावानं ओळखला जायचा. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचं धरण १९८७ साली पुरं झालं आणि सुपा गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं, उठलेली कितीतरी घरं रामनगरला वसली. १८६२ पासून १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून कन्नड, कोंकणी आणि मराठी इथे एकाच अंगणात नांदतात. कुणबी, गवळी धनगर, सिद्दी अशी रानात राहणारी माणसं इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. या मुलखात सोनं किती घरांत होतं? जुन्या कुणबी बाईच्या अंगावर बघायला मिळायच्या त्या काचेच्या मण्यांच्या माळा आणि काचेच्या बांगड्या. काळे मणी गळ्यात, काच मनगटात. या बाईला कुणी बिनखुणेची म्हटलं नाही.

काचेबद्दल एक गोष्ट आपल्याला विशेष माहीत असायला हवी, कारण ती आपल्या समाजाच्या हातून गेलेली आहे. महाराष्ट्रातले जैन कासार आणि कर्नाटकातले जैन बोगार यांचा पिढीजात धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा आणि बांगड्यांचा. गावोगाव फिरून, दारात बसून, बायकांचे हात हातात घेऊन त्यांनी चुडे भरले. नवरीचा हिरवा चुडा म्हणजे लग्नघरातला पहिला मान. सोन्याच्या पाटल्या नंतर चढतात, त्याही मागेपुढे काच ठेवूनच. कितीही श्रीमंताघरची नवरी असो, हिरव्या काचेवाचून ती नवरी दिसत नाही. म्हणजे आपल्याकडे लग्नाची सर्वांत ठळक खूण सोन्याची नव्हेच, ती चार-आठ आण्यांच्या काचेची. आणि काच बहुतेक कुणाच्या कातडीला बाधत नाही.

पुढे चला. पायातली जोडवी चांदीची, कारण सोनं कमरेखाली घालू नये अशी समजूत. हळदीच्या दिवशी वधूवरांच्या मनगटाला कंकण बांधतात, त्यात दोरा आणि हळकुंड. कर्नाटकात गरिबाघरी सोन्याची ताळी जमली नाही, तर पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून तेच नवरीच्या गळ्यात बांधायची रीत आहे, आणि त्या लग्नाला कुणी अर्धं लग्न म्हणत नाही. पूजेला बसलेल्या यजमानाच्या अनामिकेत दर्भाचं पवित्रक घालतात; ती गवताची अंगठीच, आणि तिच्यावाचून संकल्प सुटत नाही. बंगालात सुवासिनीच्या हातात शंखाची पांढरी बांगडी आणि तिच्या जोडीला लोखंडाची. राजस्थानात लाखेचा चुडा. काच, चांदी, हळकुंड, गवत, शंख, लोखंड, लाख. जिथे जे मिळालं, परवडलं, अंगाला सोसलं, त्याची खूण झाली.

ज्या पश्चिमेकडून लग्नाची अंगठी आली असं आपण म्हणतो, तिथेही ती सोन्यापासून सुरू झाली नाही. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला आहे की त्याच्या काळातही वाग्दत्त वधूला लोखंडाची अंगठी पाठवत, तीही खड्याशिवाय. पोर्तुगीजांच्या ब्राझीलमध्ये गुलामांना आणि गरिबांना सोनं कुठलं? तिथे तुकूम नावाच्या ताडाच्या जातीतल्या झाडाच्या काळ्या, कठीण बीपासून अंगठी कोरायचे आणि तीच लग्नात घालायचे. आजही तिथे ती अंगठी गरिबांच्या बाजूनं उभं राहण्याची खूण म्हणून घालतात.

पोर्तुगीजांचं नाव काढलं म्हणून जोयड्याकडे परत येते. याच तालुक्यात कॅसलरॉक स्टेशन आहे. मुरगावहून घाट चढून येणारी रेल्वे १८८८ साली इथे पोचली आणि कॅसलरॉक सरहद्दीचं ठाणं झालं. खाली पोर्तुगीज गोवा, वर इंग्रजी मुलूख. गाडी थांबायची, जकातवाले सामान उघडायचे. सरहद्दीवर बाईच्या अंगावरचं सोनं हा नुसता दागिना राहत नाही, त्याचा माल होतो. १९५५ साली भारतानं गोव्याशी व्यवहार तोडले तेव्हा ही वाहतूक बंद पडली, आणि १९६१ नंतर सरहद्दच उरली नाही. त्या घाटाखालच्या ख्रिस्ती घरांमध्ये लग्नाची अंगठी, म्हणजे मुदी, चर्चमध्ये घालायची रीत होती. घाटावरच्या आपल्या घरांत ती साखरपुड्याच्या वाटेनं आली. शेजाऱ्याची रीत आवडली म्हणून घेतली, यात वाईट काहीच नाही. पण घेतलेली रीत आहे हे ध्यानात असलं म्हणजे तिचा जाच होत नाही.

आता सोन्याच्या शुद्धतेची गोष्ट. आपल्याला वाटतं २२ कॅरेट हा धर्मच आहे. पण आपल्याच आयांच्या काळात सरकारनं तो मोडला होता. १९६२ च्या चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला बंदी. २४ पैकी १४ भाग सोनं, म्हणजे शंभरात ५८ च्या आसपास. बाकीचे ४२ भाग तांबं, चांदी, जस्त असलं काहीतरी. सोनारांचे धंदे बसले, घरोघर हळहळ झाली. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट उठली, १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा आला आणि १९९० मध्ये तोही रद्द झाला. पण त्या तीन-साडेतीन वर्षांत झालेली लग्नं काय कमी टिकली? ज्यांच्या गळ्यात १४ कॅरेटच्या वाट्या पडल्या, त्यांनीही संसार केलेच ना! खुणेतलं सोनं निम्म्यावर आलं म्हणून खूण निम्मी झाली नाही.

मग निकेल कुठून आलं? जर्मन खाणकामगारांना एक लालसर खनिज सापडायचं. दिसायला तांब्याचं, पण कितीही तापवलं तरी तांबं निघायचं नाही. त्यांनी त्याचा दोष निकेल नावाच्या खोडकर भुताला दिला. १७५१ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी त्या जातीच्या खनिजातून नवीन धातू वेगळा काढला आणि भुताचं नाव धातूला चिकटलं. पुढे १८२० च्या दशकात तांबं, निकेल आणि जस्त मिसळून चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू जर्मनीत निघाला. तोच आपल्या बाजारातला जर्मन सिल्व्हर. मैत्रिणींनो, नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी अजिबात नसते, निकेल मात्र भरपूर असतं. हल्ली त्याचे कानातले, जोडवी, मोठमोठे हार हौसेनं घेतले जातात. १९१० च्या दशकात प्लॅटिनमला स्वस्त पर्याय म्हणून पांढरं सोनं आलं. पिवळं सोनं पांढरं करायला त्यात निकेल किंवा पॅलेडियम मिसळतात, आणि वरून ऱ्होडियमचा चकाकता मुलामा देतात. मुलामा घासला गेला की आतलं निकेल कातडीला भेटतं.

घामात निकेलचे सूक्ष्म कण विरघळतात, कातडीत उतरतात आणि शरीराची राखण करणाऱ्या पेशी त्यांना शत्रू म्हणून ओळखून ठेवतात. एकदा ओळख पटली की ती बहुधा जन्मभर पुसत नाही. पुढच्या खेपेला एक-दोन दिवसांत पुरळ उठतं. ही ओळख बहुतेक वेळा कान टोचल्यावर होते, कारण ताज्या भोकात स्वस्तातली रिंग घातलेली असते. म्हणून हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. युरोपात १९९४ साली नियम झाला, की कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरला आठवड्यात अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. अर्धा मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमच्या वीस लाखांतला एक भाग. एवढ्याशा मापाचा कायदा करावा लागला, यावरून हा नाजूकपणाचा किंवा नखऱ्याचा मामला नाही हे कळावं.

आपल्याकडचा हॉलमार्क काय सांगतो? ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४ कॅरेट. २०२१ पासून हळूहळू बऱ्याच जिल्ह्यांत तो सक्तीचा झाला, चांगलंच झालं. पण तो सोनं किती एवढंच सांगतो. उरलेल्या भागात तांबं आहे की निकेल, हे सांगत नाही. ते सोनाराला तोंडानं विचारावं लागतं आणि पावतीवर लिहून घ्यावं लागतं. आणखी एक सोपी परीक्षा आहे. डायमिथिलग्लायॉक्झिम नावाच्या रसायनाचे थेंब कापसावर घेऊन दागिन्यावर घासले आणि कापूस गुलाबी झाला, तर निकेल सुटतंय. दागिना बिघडत नाही.

आता निवडीचं. सोनंच हवं असेल तर पिवळं २२ कॅरेट, भेसळीत फक्त तांबं आणि चांदी. घरातलं जुनं सोनं आटवणार असाल तर आधी ते शुद्ध करून घ्यायला सांगावं, कारण जुन्या डागात काय असेल ते कुणालाच ठाऊक नसतं. केडीएम म्हणतात तो डाग कॅडमियमचा, तो नको. पांढरीच अंगठी हवी तर ९५० चं प्लॅटिनम. फक्त उरलेल्या ५० भागांत कोबाल्ट नाही ना ते विचारावं, कारण निकेल बाधणाऱ्या पुष्कळांना कोबाल्टही बाधतं. टायटॅनियम हलकं, स्वस्त आणि अंगाला फार मानवणारं. १९५० च्या दशकात स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना सशाच्या हाडात ते असं रुजलेलं दिसलं की काढता येईना, आणि तिथून दातांच्या रोपणाचा मार्ग सापडला. जे हाडात राहतं ते बोटावर राहायला काय हरकत? अडचण एवढीच की गावच्या सोनाराला ते डागता येत नाही, सैल-घट्ट करता येत नाही. बोट सुजलं तर कापायला वेगळं हत्यार लागतं. म्हणून माप नीट घ्यावं, बाळंतपणात ती काढून ठेवावी. टंगस्टनच्या काळ्या-करड्या अंगठ्या दिसायला छान, पण त्यांची पूड घट्ट धरायला पुष्कळदा कोबाल्ट किंवा निकेलच वापरतात. विचारल्याशिवाय घेऊ नये. पारदर्शक नेलपॉलिश आतून लावायचा तोडगा चार भांडी घासली की संपतो.

धातूच नको असेल तर खंबायतचा अकीक आहे. शेकडो वर्षं तिथे तो घासला-पैलू पाडला जातो. एका दगडातून कोरलेली अखंड अंगठी मिळते. पडली तर फुटते, एवढं सांभाळायचं. नारळाच्या करवंटीची अंगठी या किनाऱ्यापासून काही लांब नाही. पाण्यात हात घालताना ती काढावी, कारण ओल धरते. आणि हे सगळ्यांनाच लागू: अंगठीखाली साबण आणि ओल राहिली तर निकेल न बाधणाऱ्या बोटालाही पुरळ येतं. म्हणून आधी डॉक्टर, मग सोनार.

आपल्या घरांत आणखी एक गाळणी लावावी लागते. श्रावकानं टाळायचे जे पंधरा धंदे, म्हणजे कर्मादानं, सांगितले आहेत, त्यात दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य आहे. हस्तिदंत, शिंग, शंख-शिंपले पहिल्यात. किड्यांपासून होणारी लाख दुसऱ्यात. तेव्हा वेगळ्या वस्तूची हौस म्हणून हाडाची, शिंगाची किंवा कासवाच्या पाठीची अंगठी कुणी दाखवली तर ती कातडीला मानवली तरी आपल्याला मानवणारी नाही. दागिन्याची वस्तू कुठून आली हे विचारायची सवय आपल्याला जुनीच आहे. ती अंगाला कशी लागते, हे विचारणं त्याच्याच पुढचं पाऊल. अहिंसेत आपलं स्वतःचं शरीर धरलेलं नाही, असं कुणी सांगितलं?

श्वेतांबर परंपरेत भरत चक्रवर्तींची एक कथा आहे. आरसेमहालात उभे असताना त्यांच्या बोटातली अंगठी गळून पडली. उघडं बोट आरशात ओकंबोकं दिसलं. मग त्यांनी एकेक दागिना उतरवला आणि शोभा शरीराची नव्हती, उसनी होती हे उमगत उमगत केवलज्ञान झालं. आपण संसारी बायका, आपल्याला सगळे दागिने उतरवायला कुणी सांगत नाही. पण उघड्या बोटाकडे बघून एक चक्रवर्ती ज्ञानी झाला, आणि आपण उघड्या बोटाकडे बघून काय करतो? कुजबुजतो. नवऱ्याकडचं सोनं नाकारलं, जमत नसेल, काहीतरी असेल. मुलगी फोड सोसते ती धातूमुळे कमी, या कुजबुजीमुळे जास्त.

रामनगरच्या घरात शेवटी एवढंच ठरलं. डॉक्टरांचा कागद घेऊन मुलीचे वडील आणि मी तिकडे गेलो. मुलाच्या आजीनं कागद बाजूला ठेवला आणि मुलीचं बोट हातात घेऊन नीट बघितलं. म्हणाली, "माझ्या लग्नात हातात काचच होती, पोरी. तुझ्या आजेसासऱ्यानं त्यावर पन्नास वर्षं काढली." पांढऱ्या सोन्याची अंगठी परत देऊन तिच्या मोलात दोघांसाठी टायटॅनियमच्या दोन साध्या अंगठ्या आल्या, उरलेल्या पैशात तिला शिलाई मशीन. लग्नाला हिरवा चुडा कोपरापर्यंत भरला होता. जेवणावळीत एका पाहुणीनं विचारलंच, "अंगठी लोखंडाची गं?" मुलगी हसली आणि म्हणाली, "नाही हो मावशी, मला सोसणारी."

आता मुहूर्त काढाल तेव्हा मुलीला साडीचा रंग विचारता, चपलेचं माप विचारता, तसंच हेही विचारा: खोट्या दागिन्यानं कान कधी चिघळले होते का? जीन्सच्या बटणाखाली बेंबीपाशी खाज येते का? हो म्हणाली तर अंगठीची ऑर्डर देण्याआधी महिनाभर डॉक्टरांकडे जा. आणि हा प्रश्न सुनेच्या बाबतीत तर आधी सासूनं विचारावा. तिनं विचारला, की घरात बाकी कुणाला बोलायला जागा उरत नाही.